मालिकेतली वाईट बाई खरी का वाटते? नेकनूरच्या घरातल्या फोनपासून निवडणुकीपर्यंत प्रेक्षकांचा निवाडा कसा चालतो

नेकनूर (जि. बीड) : 28 डिसेंबर 2024, शनिवार. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबरला हत्या झाली होती आणि न्यायाच्या मागणीसाठी त्या दिवशी बीड शहरात मोठा मोर्चा निघाला होता. मस्साजोग शेजारच्या केज तालुक्यातलं. नेकनूरकरांची तिकडे सोयरीक आहे, येणंजाणं आहे. गावातल्या बहुतेक फोनवर त्या दिवशी मोर्चाचेच व्हिडिओ फिरत होते.

त्याच दिवशी मुंबईत एक पत्रकार परिषद झाली आणि फोनवरचा विषय बघता बघता वाटला गेला. समोर होती अभिनेत्री प्राजक्ता माळी. आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी परळीतल्या कार्यक्रमांवर टीका करताना काही महिला कलावंतांची नावं घेतली होती, त्यात तिचंही होतं. तिने जाहीर माफीची मागणी केली आणि राज्य महिला आयोगाकडे दाद मागितली. पुढच्या दोन-तीन दिवसांत धस यांनी दिलगिरी व्यक्त केली. राजकीय पातळीवर वाद तिथे थांबला.

फोनवर तो थांबला नाही. हत्येच्या तपासाशी जिचा काही संबंध नव्हता, तिच्या चारित्र्यावर पुढे कित्येक दिवस कमेंट पडत राहिल्या. कुणी तिचं आडनाव काढलं, कुणी कपडे. पुरावा म्हणून जो फोटो फिरत होता, तो एका सत्कार समारंभातला होता, असं तिने स्वतः सांगितलं होतं. एका सरपंचाच्या खुनावर बोलायचं सोडून माणसं एका नटीवर का बोलू लागली? आणि जिला आयुष्यात कधी भेटलो नाही, तिच्याबद्दल इतक्या खात्रीने कसं बोलता येतं?

हा प्रश्न एका अभिनेत्रीपुरता नाही. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाचा आपण रोज निवाडा करतो. त्यातला काही निवाडा निखळ करमणुकीचा असतो, काही मात्र खऱ्या माणसाच्या अंगावर येतो. तो कसा तयार होतो, ते समजून घेऊ.

ओळख नसताना ओळख कशी होते?

1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा नवा होता. पडद्यावरचा माणूस थेट आपल्या डोळ्यांत बघून बोलतो, रोज ठरल्या वेळी घरात येतो, त्यामुळे प्रेक्षकाला त्याच्याशी मैत्री झाल्यासारखी वाटते, असं त्यांचं निरीक्षण होतं. ही ओळख एकतर्फी असते. आपण त्याला ओळखतो, त्याला आपला पत्ता नसतो.

आता थोडं गणित. रोजच्या मराठी मालिकेचा एक भाग जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचा धरा. आठवड्याला सहा भाग म्हणजे 132 मिनिटं. वर्षाला 300 भाग धरले तर 110 तास. तुम्ही तुमच्या सख्ख्या मावसभावाशी वर्षात 110 तास बोलता का? मी तर नक्कीच बोलत नाही.

या 110 तासांत ती नटी कायम त्याच घरात, त्याच नावाने, त्याच स्वभावाने दिसते. तिची खरी मुलाखत पाहायला मिळाली तर वर्षातून दहा मिनिटं. मेंदूला जो डेटा मिळतो त्यातला जवळपास सगळा खोटा असतो, म्हणजे लेखकाने लिहिलेला असतो. मग निष्कर्ष त्याच बाजूला झुकला तर नवल नाही.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडाच्या कडेला कोपी टाकून राहतात. टीव्ही गावातच राहतो, फोन बरोबर जातो. रात्री भाकरी झाल्यावर रेंज मिळाली तर मालिकेचा भाग मोबाइलवर बघितला जातो. सहा महिने गाव, नातलग, शेजार यांतलं काही नसताना तेवढी चार पात्रं मात्र ओळखीची असतात. त्या बाईंनी मालिकेतल्या सासूला शिव्या घातल्या तर हसण्यासारखं त्यात काही नाही.

माझी आजी मालिकेतल्या खलनायिकेला नाव घेऊन हाक मारायची नाही. तिच्या लेखी ती 'मेली' होती. भाग संपल्यावर त्याच नटीची साबणाची जाहिरात लागली की आजी म्हणायची, हिच्या हातचा साबण कोण घेईल!

निळू फुले : शिव्या हीच पावती

मराठीत या विषयावर बोलायचं तर सुरुवात निळू फुले यांच्यापासूनच करावी लागते. 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'मधून ते चित्रपटात आले आणि पुढची काही दशकं मराठी पडद्यावरचा गावगुंड पाटील, बेरकी सरपंच, साखरसम्राट म्हणजे निळूभाऊ असं समीकरण झालं. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील विजय तेंडुलकरांनी लिहिला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केला. पण लोकांच्या डोक्यात तो राहिला तो फुल्यांच्या नजरेमुळे.

प्रत्यक्षातला माणूस कोण होता? राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून डॉ. श्रीराम लागूंसारख्या सहकाऱ्यांबरोबर उभा राहिलेला, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा. तरीही गावात शूटिंगला गेले की बायका त्यांना पाहून तोंड फिरवायच्या, बोटं मोडायच्या, असे किस्से आजही सांगितले जातात. तो राग म्हणजे कामाची पावती, असंच त्यांच्याबाबत मानलं गेलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लोकांनी फुल्यांना शिव्या दिल्या, पण त्या शिव्यांचं पुढे कौतुकात रूपांतर झालं. 2009 मध्ये ते गेले तेव्हा महाराष्ट्र एका मोठ्या आणि सज्जन नटासाठी हळहळला. आज 'बाई, वाड्यावर या' हे त्यांच्या नावावर चिकटलेलं वाक्य मीम म्हणून फिरतं तेव्हा कुणी त्यांच्या चारित्र्यावर शंका घेत नाही. ते वाक्य एका बाईला दिलेली धमकी आहे, हे मात्र हसता हसता सगळेच विसरतात.

बीडला जवळचं उदाहरण सयाजी शिंदे यांचं. 'शूल'मधला बच्चू यादव पाहून अंगावर काटा आलेली पिढी आज चाळिशीत आहे. तेच शिंदे 'सह्याद्री देवराई'तून बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर झाडं लावतात. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद एका वडाच्या झाडाकडे होतं. पालवणला सहलीला गेलेल्या शाळकरी पोरांना तो माणूस पडद्यावर किती क्रूर आहे याचं काहीच वाटत नाही. खलनायकाला सज्जन ठरायची वाट अशी मोकळी असते. पुरुष असेल तर.

ललिता पवारांचा डोळा

आता दुसरी बाजू. ललिता पवार मूळच्या येवल्याच्या. तरुणपणी त्या नायिका होत्या. 1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या सेटवर एका प्रसंगात सहकलाकार भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूवर परिणाम झाला, लांबलचक उपचार झाले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला.

म्हणजे तो कामाच्या ठिकाणी झालेला अपघात होता. आपल्याकडे कारखान्यात कुणाचं बोट गेलं तर आपण हळहळतो. ललिताबाईंच्या त्या डोळ्याला मात्र कजाग सासूची खूण बनवलं गेलं. निर्मात्यांनी तशा भूमिका दिल्या आणि प्रेक्षकांनी त्या डोळ्यात दुष्टपणा वाचला. रामानंद सागर यांच्या 'रामायण'मध्ये त्या मंथरा झाल्या, तेव्हा तर नव्या पिढीनेही तेच शिक्कामोर्तब केलं. 1959 च्या 'अनाडी'मध्ये त्यांनी साकारलेली मायाळू मिसेस डिसा, जिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, ती किती जणांना आठवते?

मराठीत 1991 च्या 'माहेरची साडी'ने हेच दोन साचे घरोघर पोचवले. अलका कुबल सोशिक सून आणि उषा नाडकर्णी छळणारी सासू. जत्रेतल्या तंबूत हा चित्रपट पाहून पदराने डोळे पुसणाऱ्या बायका मराठवाड्यात गावोगाव सापडतील. अलकाताई पुढे कुठेही गेल्या तरी लोकांना त्या सोसणाऱ्याच वाटत राहिल्या. चांगुलपणाचा शिक्काही पुसला जात नाही.

बानू आणि शनाया : चेहरा एक, निवाडे दोन

या सगळ्यात मला सर्वात बोलकं वाटणारं उदाहरण अलीकडचं आहे. 2014 मध्ये झी मराठीवर 'जय मल्हार' सुरू झाली. देवदत्त नागे खंडोबा, सुरभी हांडे म्हाळसा आणि ईशा केसकर बानू. खंडोबा हे आपल्याकडे कित्येक घरांचं कुलदैवत. मराठवाड्यात तर जागरण-गोंधळाशिवाय लग्नाचं कार्य पुरं होत नाही अशी असंख्य घरं आहेत. बानूच्या भूमिकेतल्या ईशाला लोकांनी भरभरून प्रेम दिलं.

2016 मध्ये त्याच वाहिनीवर 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. राधिका, गुरुनाथ आणि त्याची मैत्रीण शनाया. शनायाचं काम आधी रसिका सुनील करत होती. 2018 मध्ये ती शिक्षणासाठी परदेशी गेली आणि तिच्या जागी कोण आलं? ईशा केसकर. पुढे 2020 मध्ये रसिका परत आली.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हा आयता प्रयोग आहे. एकदा नटी कायम ठेवून पात्र बदललं, एकदा पात्र कायम ठेवून नटी बदलली. ईशा तीच होती, पण बानू म्हणून माया मिळाली आणि शनाया म्हणून राग. शनाया तीच होती, नटी दोन झाल्या, तरी राग त्याच पात्राच्या नावाने चालू राहिला. म्हणजे निवाडा नटीचा नव्हताच, तो पटकथेचा होता. फटका मात्र ज्या-त्या वेळी समोर जो चेहरा होता त्याला बसला.

लोककथेतल्या बानूला महाराष्ट्राने दैवताचा मान दिला आहे आणि त्याची तुलना मालिकेतल्या प्रेमप्रकरणाशी करण्याचं कारण नाही. मुद्दा कथेच्या बाजूचा आहे. दोन्हीकडे एका संसारात आलेली दुसरी स्त्री आहे. एक कथा आपल्याला तिच्या बाजूला उभं करून सांगितली जाते, दुसरी तिच्याविरुद्ध. कॅमेरा कुणाच्या रडण्याजवळ थांबतो, पार्श्वसंगीत कुणाच्या एंट्रीला कर्कश होतं, यावर प्रेक्षकाचा कल ठरतो.

आणखी एक. राधिकाला दिलेला शब्द मोडला कुणी? गुरुनाथने. लग्न त्याचं होतं, वचन त्याचं होतं. शनायाने राधिकाला कसलंही वचन दिलेलं नव्हतं. तरी ओट्यावरच्या गप्पांत 'ती भवानी' हा शब्द शनायासाठी राखलेला होता आणि गुरुनाथ हा हसण्याचा विषय होता. त्याला मूर्ख म्हटलं जायचं, तिला चवचाल. मूर्खपणा माणसाला माफ होतो.

नेकनूरसारख्या गावात हा फरक पडद्यावरच राहत नाही. एखाद्या घरात नवरा-बायकोचं बिनसलं की चर्चा आधी कुणाच्या वागण्याची होते, हे वेगळं सांगायला नको.

मग हा गावाकडच्या भोळेपणाचा प्रकार आहे का?

शहरातले वाचक इथवर वाचून मान डोलावतील की गावाकडची माणसं भोळी, त्यांना खरं-खोटं कळत नाही. तसं अजिबात नाही.

1967 मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कॉलेजविद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं की लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभा नव्हती, जी दिली त्यावर लिहिलं. तरीही वाचणाऱ्यांचा कल हाच राहिला की बाजूने लिहिणारा मनातूनही बाजूचाच असणार. पुढे 1977 मध्ये ली रॉस यांनी या सवयीला नाव दिलं. सोप्या मराठीत सांगायचं तर परिस्थितीचं खापर स्वभावावर फोडणं. बँकेत सर्व्हर डाउन असतो, काउंटरवरचा माणूस सकाळपासून शंभर जणांना तेच सांगून वैतागलेला असतो आणि आपण बाहेर येऊन म्हणतो, तो माणूसच तुसडा आहे.

2007 मध्ये इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी हाच प्रयोग नटांवर केला. प्रेक्षक पात्राचे गुण नटाला चिकटवतात हे दिसलंच. पण एकाच नटाच्या दोन परस्परविरोधी भूमिका दाखवूनही ती सवय गेली नाही. शिकलेल्या माणसांनाही डोकं वापरून हे थांबवावं लागतं, आपोआप थांबत नाही.

आपल्याकडचे नेते आणि मतदार तरी कुठे वेगळे आहेत? 1987 च्या 'रामायण'नंतर 1991 च्या लोकसभा निवडणुकीत सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून. दोघेही एकाच पक्षाचे. 'महाभारत'मधले कृष्ण, आपले नितीश भारद्वाज, 1996 मध्ये जमशेदपूरहून खासदार झाले. राम झालेल्या अरुण गोविल यांना मेरठने 2024 मध्ये लोकसभेत पाठवलं. रावणही निवडून आला, ही गोष्ट मला फार आवडते. लोकांना राग असतो तो ओळखीच्या माणसावरचा असतो, आणि ओळख मतपेटीत उपयोगी पडते.

महाराष्ट्रातलं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. पेशाने डॉक्टर असलेले अमोल कोल्हे 'राजा शिवछत्रपती' आणि 'स्वराज्यरक्षक संभाजी' या मालिकांमुळे घराघरांत पोचले. 2019 मध्ये, संभाजी महाराजांची मालिका चालू असतानाच, ते शिरूरमधून खासदार झाले. मग जानेवारी 2022 मध्ये त्यांनी 2017 साली केलेला एक चित्रपट बाहेर आला. त्यात ते नथुराम गोडसे होते. ज्या चेहऱ्यात लोकांनी महाराज पाहिले होते त्याच चेहऱ्यात गोडसे पाहणं अनेकांना सहन झालं नाही. पक्षातूनच टीका झाली. शरद पवार यांनी मात्र कलावंत म्हणून त्यांची पाठराखण केली. रावणाची भूमिका करणारा रावण होत नाही, अशा अर्थाचं ते बोलले. कोल्हे यांनी आळंदीत जाऊन आत्मक्लेश केला.

पवारांचा युक्तिवाद बिनतोड होता. पण तो खरा मानायचा तर महाराजांची भूमिका केल्याने महाराजांचे गुणही अंगात येत नाहीत, हेही मान्य करावं लागेल. ते प्रचारसभेत कुठलाच पक्ष म्हणत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये 'छावा' आला तेव्हा गुजरातमधल्या भरूचला एका प्रेक्षकाने चित्रपट पाहताना पडदाच फाडला. शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाला, त्यावर बोलताना मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात या चित्रपटामुळे लोकांच्या भावना पुन्हा जाग्या झाल्याचा उल्लेख केला. तीनशे वर्षांपूर्वीच्या पात्रांचा निवाडा आजच्या रस्त्यावर कसा येतो, यासाठी आणखी उदाहरण नको.

'रिॲलिटी शो'मध्ये तरी माणूस खरा दिसतो ना?

बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन 6 ऑक्टोबर 2024 ला संपला आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला. टिकटॉकवरून पुढे आलेला, लहानपणी आईवडील गेलेले, फारसं शिक्षण नाही. खेड्यापाड्यातल्या पोरांनी त्याच्यात स्वतःला पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या गावांतही त्याच्या विजयाचे स्टेटस त्या रात्री धडाधड पडले.

सूरज चांगला की निक्की तांबोळी वाईट, हा वाद घालणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. घरात डझनभर माणसं, 24 तास चालू असलेले कॅमेरे आणि त्यातून आपल्यासमोर येतो साधारण तासभराचा भाग. उरलेलं एडिटिंगच्या टेबलवर राहतं. कुणाचं भांडण ठेवायचं आणि कुणाचं हसू कापायचं, हे ठरवणारा माणूस आपल्याला कधीच दिसत नाही. तिथेही पटकथा असते, फक्त ती शूटिंगनंतर लिहिली जाते.

सहा महिन्यांनी, 25 एप्रिल 2025 ला, सूरजला घेऊन केदार शिंदे यांचा 'झापुक झुपूक' आला. ज्याला फोनवरून महाराष्ट्राने जिंकवलं, त्याच्या चित्रपटाला थिएटरात तशी गर्दी झाली नाही. व्होटिंग फुकट होतं, तिकिटाला पैसे पडतात, हे एक कारण. दुसरं असं की लोकांनी सूरजच्या परिस्थितीला मत दिलं होतं, अभिनयाला नव्हे. आपण कशाला मत देतोय हे देणाऱ्यालाही नेमकं माहीत नसतं.

फोनमुळे काय बदललं?

राग पूर्वीही होता. तो घरात, पारावर किंवा तंबूत विरून जायचा. निळू फुले यांना गावोगावच्या शिव्या एकत्र करून कुणी रोज रात्री वाचायला देत नव्हतं. आज नटीच्या फोनवर त्या थेट जातात, तिच्या आईच्या फोनवरही जातात.

मालिकेचा पूर्ण भाग पाहणाऱ्यांपेक्षा त्यातली 30 सेकंदांची क्लिप पाहणारे आता जास्त असू शकतात. क्लिप कापताना वाहिनीही तोच तुकडा निवडते ज्यात थप्पड आहे, कारण थांबून पाहिलं जातं ते तेच. ॲपचा अल्गोरिदम चांगलं-वाईट तपासत नाही. कुणी किती वेळ थांबलं आणि कमेंट केली का, एवढंच मोजतो. चिडून केलेली कमेंटही त्याला कमेंटच. म्हणजे ज्या व्हिडिओवर तुम्ही संतापून शिवी लिहिता, तो तुमच्यामुळेच आणखी शंभर जणांना दिसतो.

शिवाय कमेंट करणारे म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत. लाखभर माणसं बघतात, काहीशे लिहितात, त्यातली काही डझन तीच तीच असतात. आम्ही डिजिटल डेस्कवर बसणारे हे ओळखून असतो आणि तरीही 'नेटकरी संतापले' असा मथळा देतो. तो मथळा वाचून आणखी लोक संतापतात.

प्राजक्ता माळीचंच बघा. 'जुळून येती रेशीमगाठी'मधली मेघना म्हणून ती आदर्श सून होती. 2022 मध्ये 'रानबाजार' या वेबसीरिजचा टीझर आला आणि तिला व तेजस्विनी पंडितला ट्रोलिंगला तोंड द्यावं लागलं. तेजस्विनी म्हणजे जिने 2010 मध्ये 'मी सिंधुताई सपकाळ'मध्ये तरुण सिंधुताई साकारली होती. म्हणून डिसेंबर 2024 मध्ये बीडच्या राजकारणात नाव आलं तेव्हा अनेकांना ते पटायला वेळ लागला नाही. मनात साचा आधीच तयार होता. पुरुष नटांची नावं राजकीय कार्यक्रमांत कमी येतात का? येतात. त्यांना कुणी तू कशासाठी गेला होतास, असं विचारत नाही.

कायदा काय म्हणतो?

मालिकेतल्या पात्राला कितीही नावं ठेवा, तो गुन्हा नाही. भूमिका आवडली नाही, अभिनय भिकार होता, चित्रपट पैसे वाया घालवणारा होता, हे म्हणायचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला आहे आणि न काढणाऱ्यालाही. गोष्ट बदलते ती खऱ्या माणसावर आरोप केल्यावर. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीसाठी कलम 356 आहे आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करणाऱ्या शब्द-कृतींसाठी कलम 79. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही, कारण बदनामीच्या व्याख्येत मजकूर प्रसिद्ध करणंही येतं. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. स्क्रीनशॉट आणि लिंक आधी जपून ठेवायची.

हे नियम फक्त नट्यांसाठी नाहीत. गावातली कॉलेजला जाणारी मुलगी रील टाकते आणि खाली ओळखीचेच लोक लिहितात, तिथेही हीच कलमं लागू होतात. फरक इतकाच की नटीला पत्रकार परिषद घेता येते. गावातल्या मुलीचा फोन काढून घेतला जातो.

आर्ची शाळेत गेली नाही

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' प्रदर्शित झाला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळकरी मुलगी होती. बुलेट चालवणारी, पोराला दम देणारी आर्ची महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. अशा मुली पोरींना बिघडवतात, असंही त्याच वेळी म्हटलं गेलं. नागराज मंजुळे यांनी लिहिलेली आर्ची आणि परीक्षेचा अभ्यास करायचा असलेली रिंकू या दोघी वेगळ्या आहेत, याचं भान ना कौतुक करणाऱ्यांना राहिलं ना नावं ठेवणाऱ्यांना.

ती जाईल तिथे गर्दी होऊ लागली. त्यात चित्रीकरण होतं. नियमित शाळा जमेना म्हणून तिने 17 नंबरचा फॉर्म भरून 2017 मध्ये बाहेरून दहावीची परीक्षा दिली. 66.40 टक्के पडले. निकालाच्या दिवशी ते गुण राज्यभर छापले गेले आणि आर्चीला एवढेच का, म्हणून त्यावर विनोदही झाले. त्या वर्षी दहावीला बसलेल्या लाखो मुलींत अशी गुणपत्रिका तिचीच चव्हाट्यावर आली होती. ती तेव्हा 16 वर्षांची होती.